रुमालाखालचं बोट

पडदा सरकला तेव्हा पहिल्या जागेवर करड्या रेक्झिनची नवी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी होती आणि दुसऱ्या जागेवर त्याची. लीलाधर नारखेडे तसाच बसून राहिला. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी. मग त्याने पुन्हा एकदा पाहिलं, कारण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये असं तो धुळ्याच्या कॉलेजात तर्कशास्त्राच्या मुलांना दरवर्षी सांगत असे. दुसऱ्या निरीक्षणातही पहिली नवीच होती. दुसरी, ती सागवानी, कोपऱ्याचा टवका उडालेली, पुढच्या जाळीवर बायकोच्या जुन्या लुगड्याचं कापड ताणून बसवलेली, ती त्याची होती. आणि आत्ताच, पन्नालालशेठनी हातावर टाकलेल्या रुमालाखाली, त्याने शेठच्या तळव्यावर एक बोट दाबलं होतं. एक बोट म्हणजे पहिली पेटी, दोन बोटं म्हणजे दुसरी. एकदा नव्हे, दोनदा दाबलं होतं; दुसऱ्यांदा तर नखासकट.

“तीन-दोन,” पन्नालालशेठ रुमालाची घडी घालत म्हणाले. “पहिली पेटी. नवीवाली.”

राग आला. तो नेहमीच येत असे. लीलाधरच्या रागाला कॉलेजच्या तासांसारखं वेळापत्रक होतं. सकाळी वर्तमानपत्राचा, दुपारी प्राचार्यांचा, संध्याकाळी घराखालच्या पिठाच्या गिरणीचा. पण हा राग वेळापत्रकाबाहेरचा होता आणि कोणाकडे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो पोटात उभा राहिला, एसटी स्टँडवर चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा, सामान हातात घेऊन. पन्नालालशेठकडे जावं? त्यांनी तर मत दिलंच नव्हतं. त्यांच्या मुलाकडे, अभयकुमारकडे जावं? ते पोरगं समोर सतरंजीवर मान खाली घालून वायरीचं वेटोळं करत होतं. जिंकलेल्या माणसाने असं मान खाली घालू नये. त्याने दुसऱ्याला नीट चिडता येत नाही.

जळगावला यायचं त्याला मुळीच नव्हतं. पण ऑर्केस्ट्रा पन्नालालशेठच्या पैशावर उभा होता, आणि येत्या रविवारी व्यापारी मंडळाच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला त्याचा कार्यक्रम होता. पहिल्यांदाच मांडवाबाहेर, पहिल्यांदाच अशा लोकांपुढे, जे ‘नवरीची मामी कुठंय’ असं गाण्याच्या मध्येच माइकवर विचारणार नव्हते. ऑर्केस्ट्रात गिटारची खुर्ची एकच होती आणि चौदा वर्षं त्या खुर्चीवर लीलाधर होता. गिटार मांडीवर आडवी ठेवून, कांडी तारांवरून सरकवत तो गाण्यांच्या चाली वाजवायचा. आणि धनसिंग, जो गायचा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे बायका मांडवात पदर डोळ्याला लावायच्या. मग अभयकुमार मुंबईहून शिकून आला. बरोबर उभ्याने वाजवायची गिटार आणि ही करडी पेटी. ट्रान्झिस्टरची. एका हाताने उचलता येणारी. आता खुर्ची कोणाची? पन्नालालशेठ म्हणाले, हातांची तुलना नको, त्यात माणसाचा अपमान होतो. पेट्यांची करू. ज्याची पेटी जिंकेल त्याची खुर्ची. लीलाधरला हे इतकं सोपं वाटलं की त्याने स्वतःच अट घातली: गिटार एक, हात एक, चाल एक, फक्त पेटी बदलायची. बाकी सगळं समान ठेवून एकच गोष्ट बदलली की फरकाचं कारण तीच गोष्ट. हे तो फळ्यावर लिहीत असे. शेठ म्हणाले, “वा सर, शिकलेल्या माणसाचं कामच न्यारं.” आणि गिटारची वायर आतल्या खोलीच्या पडद्याखालून गेली. पडद्यामागे घरच्या बायका एरवीही बसून ऐकतच असत. त्यांतल्या सूरजबाईंनी, शेठच्या पत्नीने, ती वायर आधी एका आणि मग दुसऱ्या पेटीत घालायची, एवढंच करायचं होतं. क्रम शेठनी त्यांच्या कानात सांगितला होता. तो त्या दोघांनाच माहीत.

आवाजाचं म्हणाल तर लीलाधरने त्या दोन पेट्यांची तुलना महिनाभर, एकही सूर न ऐकता, अगदी बारकाईने केली होती. त्याची पेटी व्हॉल्व्हची. लावली की आधी काही मिनिटं नुसती तापायची, काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड धरायचा, आणि मग बोलायची. बोलायची म्हणजे ओरडायची नाही. तार जोरात छेडली तर आवाज मोठा होण्याऐवजी दाट व्हायचा. कढईतला काकवीचा थेंब ताटलीत टाकला की पसरता पसरता थबकतो, तसा. सूर कडेला किंचित करपायचा. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा करपतो तेवढाच, म्हणजे जेवढ्याने चव येते तेवढाच. ट्रान्झिस्टरची पेटी कशी असणार हे त्याला ऐकायची गरज नव्हती. बटण दाबताक्षणी बोलणारी वस्तू विचार न करता बोलणारच. पांढरा आवाज. स्लाइस ब्रेडचा. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांसारखा, लांबून वाचता येणारा आणि जवळ गेल्यावर काही न सांगणारा. हे सगळं त्याने धुळ्याहून येताना एसटीत ढोलकीवाल्या चुडामणला पारोळ्यापर्यंत समजावून सांगितलं होतं. चुडामण म्हणाला, “सर, खरं सांगू? माझ्या कानात निम्मी ढोलकीच भरेल असते.” लीलाधरला त्याची कीव आली होती. माणसाला आपलं अज्ञान इतकं सहज कबूल करता येतं याचा रागही आला होता.

आणि मग आज पहिल्यांदा चाल वाजवली तेव्हा पडद्याआडून आवाज आला तो मऊ, कडेला मुरलेला, खालच्या सुरात जरासा जड. माझी, असं त्याच्या पाठीच्या कण्याने सांगितलं. दुसऱ्यांदा तीच चाल वाजवली तेव्हा जे आलं ते लखलखीत, उघडं, टणक. प्रत्येक तार वेगळी, कांडीची घासणीसुद्धा ऐकू येणारी. आपला बेसावध असताना काढलेला फोटो अचानक कोणी समोर धरावा तसं. हाच तो ब्रेड, त्याने मनात म्हटलं, आणि तिरस्काराने शेवटचा सूर नीट संपवलासुद्धा नाही. आता पडदा उघडा होता आणि तो टणक, उघडा, लखलखीत आवाज त्याच्या स्वतःच्या पेटीचा निघाला होता. लुगड्याच्या कापडामागून.

मत कसं द्यायचं हे शेठनी ठरवलं होतं. उघड मत दिलं की घरात भांडणं होतात, म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या काळी कापसाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. व्यापारी आणि दलाल एकमेकांच्या हातावर रुमाल टाकणार आणि बोटं दाबून भाव बोलणार. चार माणसं भोवती उभी, पण कोणी किती सांगितले ते त्या दोन हातांनाच ठाऊक. आता बाजार समितीत उघडा लिलाव आला आणि, शेठच्या मते, माणसामाणसांतली अदब गेली. म्हणून ते रुमाल घेऊन एकेकासमोर बसले. आधी धनसिंग, मग चुडामण, मग शेठचे वडील झुंबरलाल, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, मग अभयकुमार, आणि शेवटी लीलाधर. लीलाधरने एक बोट दाबलं. शेठनी हात सोडला नाही. उलट मूठ घट्ट केली, आणि अंगठा त्याच्या बोटावरून एकदा फिरवला. चेहरा मात्र खिडकीकडे. लीलाधरच्या डोक्यात रक्त चढलं. हा बाप आहे. मुलासाठी मत फिरवायला सांगतोय, रुमालाखालून, बोटाने; धुळ्याच्या प्राध्यापकाला कापसाची गाठ समजतोय. त्याने तेच एक बोट पुन्हा दाबलं, नख रुतेल असं. शेठनी डोळे मिटले आणि हात सोडला.

आता, पडदा उघडल्यावर, त्या अंगठ्याचा अर्थ त्याच्या हाताला कळत होता. दलाल हात धरून ठेवतो तो समोरचा माणूस स्वतःच्या नुकसानीचा भाव सांगत असला की. परत बघ, म्हणतो. आतबट्ट्याचं आहे, म्हणतो. शेठ बाप नव्हतेच त्या वेळी. दलाल होते, आणि प्रामाणिक दलाल होते. बापाच्या फायद्याविरुद्ध त्यांनी अंगठा फिरवला होता आणि बदल्यात त्यांना नख मिळालं होतं. शेठच्या तळव्यावर ती लाल चंद्रकोर इथून दिसत होती. तिच्याकडे बघून लीलाधरला त्यांचाही राग आला. इतक्या हळू आवाजात कोणी चांगुलपणा करतं का?

“कोन शे रे तो?” धनसिंग उठून उभा राहिला होता. शिंदखेड्याचा गडी, गाताना शुद्ध मराठी आणि चिडला की थेट गावची बोली. “तीन जन कोन? समोर या ना! चौदा वरीस सरनं मीठ खादं आनि आते रुमालखाले बोट दाबतस?”

“मी एक,” चुडामण म्हणाला. “दे शिव्या. मला पहिली गोड वाटली. आता वाटली त्याला काय करू भो?”

“तू तं बहिराच शे. दुसरा?”

“मैं,” कोपऱ्यातून दादाजी म्हणाले. तक्क्याला टेकून ते सुपारी कातरत होते. “दोन्हीपण गुरगुरतात. पहिली जरा कमी गुरगुरते.”

दादाजींना शिव्या देता येत नव्हत्या, म्हणून धनसिंग सरळ तिसऱ्यापाशी गेला. गणित उघड होतं. धनसिंगचं स्वतःचं मत दुसरीला. सरांचं अर्थातच दुसरीला. उरला एक. धनसिंगने अभयकुमारकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं, पडद्याआडच्या बांगड्यासुद्धा थांबल्या. लीलाधरही बघत होता, आणि त्या खोलीत तो एकटाच असा होता ज्याचं गणित वेगळं येत होतं. चुडामण पहिली. दादाजी पहिली. मी पहिली. झाले तीन. म्हणजे धनसिंगसोबत दुसऱ्या पेटीला मत देणारा हा पोरगा. त्याची पेटी पहिली असताना. त्याला ओळखू आली नसेल? पण मान खाली का मग? ज्याला ओळखू आली त्याचीच मान अशी खाली जाते.

अभयकुमारने वर पाहिलं. धनसिंगकडे नाही, लीलाधरकडे. ते पाहणं फार थोडा वेळ होतं, पण त्यात सगळा हिशेब होता. पोराने तीन आणि दोन मांडून उत्तर काढलं होतं, आणि ते उत्तर खोलीत मोठ्याने बोलायचं नाही हेही ठरवून टाकलं होतं.

“माझंच मत,” तो म्हणाला. “माझी पेटी, मी दिलं. त्यात काय?”

“त्यात काय!” धनसिंग म्हणाला. “देखा, देखा. घरनं मत घरमा. शेवटी बनियानं पोर ते बनियानं पोर.”

पन्नालालशेठच्या गालाचा स्नायू हलला. दादाजींचा अडकित्ता क्षणभर उघडाच राहिला. पोरगा हसला, ओशाळल्यासारखं. ते हसणं त्याने घातलेल्या कपड्यासारखं होतं, दुसऱ्याच्या मापाचं.

लीलाधरने नजर भिंतीकडे वळवली. भिंतीवर एक पांढरी पेटी होती, तिच्यावर घड्याळासारखी तबकडी आणि एक हिरवा दिवा. सकाळी शेठनी अभिमानाने दाखवली होती: स्टॅबिलायझर. फ्रिजसाठी आणायचा होता, मग मोठाच आणला आणि अख्खा दिवाणखाना त्यावर टाकला. “बाहेर कापसाचं जिनिंग चालू राहो, बंद राहो, आमच्याकडे व्होल्टेजचा काटा हलायचा नाय.” काटा खरंच हलत नव्हता. दोनशे तीसवर, शिपायासारखा. लीलाधर त्या काट्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या नाकात, जळगावात, त्या गुळगुळीत फरशीच्या खोलीत, गरम पिठाचा वास आला.

धुळ्याला त्याच्या घराखाली पुना गिरणीवाल्याची गिरणी होती. संध्याकाळी बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की पट्टा चढायचा, जमीन थरथरायची आणि वरच्या मजल्यावर लीलाधरच्या घरातला दिवा हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचा व्हायचा. चौदा वर्षं तो त्या गिरणीशी भांडत होता. नगरपालिकेत अर्ज, वर्तमानपत्रात पत्र, जिन्यात शिव्या. पुना पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणायचा, “सर, तुम्ही बी भाकर खातसच ना?” आणि त्याच वेळी, रोज संध्याकाळी, कॉलेजहून आल्यावर, चिडून, त्या पिवळ्या उजेडात तो पेटी लावून बसायचा. सकाळी ती पेटी कधी तशी वाजली नाही. सकाळी ती टणक वाजायची. म्हणून तो सकाळी लावत नसे. व्हॉल्व्हच्या पेटीला स्वभाव असतो, तो लोकांना सांगायचा. ती संध्याकाळची आहे. तिला दिवस उतरावा लागतो. लग्नाच्या मांडवातही ती छान लागायची. मांडवात रोषणाईच्या माळा, गॅलरीत माळा, घोड्याच्या मागे माळा, सगळ्या एकाच तारेवर, आणि उजेड असा की नवरा-नवरी दोघंही काविळीचे दिसावेत. त्याला वाटायचं, गर्दी बघून पेटी खुलते. तर्कशास्त्राचा प्राध्यापक! बाकी सगळं समान ठेवा म्हणणारा! चौदा वर्षं बाकीचं काहीच समान नव्हतं, आणि त्याने ते पेटीच्या स्वभावात जमा केलं. पेटीला स्वभाव नव्हता. पेटीला भूक होती. गिरणी तिच्या तोंडातली वीज काढून घ्यायची आणि उपाशीपोटी ती जे दाटून, मुरून, खालच्या आवाजात बोलायची त्याला तो माझा आवाज म्हणत होता. इथे जळगावात तिला पहिल्यांदा चारचौघांत पोटभर वाढलं, आणि ती बोलली तर त्याने तिला ओळखलं नाही. बोट दाबून घराबाहेर काढलं.

“सर,” अभयकुमार जवळ येऊन बसला होता. अगदी हळू बोलत होता. “मी माझ्या पेटीचा ट्रेबल पार बंद केलाय. बटणं फिरवून फिरवून दोन महिने बसलो. तुमच्यासारखं यावं म्हणून. लहानपणी आत्याच्या लग्नात तुम्हाला ऐकलं होतं ना, तेव्हापासून. जवळपास आलं. पण दुसरीत जे होतं ना, ते त्याच्या पुढचं होतं. म्हणून मी…” त्याने वाक्य सोडून दिलं. “रविवारी तुम्हीच बसा. कोणत्याही पेटीवर. मी पप्पांना सांगतो.”

म्हणजे हेही. म्हणजे लीलाधरने आपल्या आवाजाला मत दिलं तेसुद्धा आपल्या आवाजाला नव्हतं, ह्या पोराने बटणांनी बनवलेल्या नकलेला होतं. आणि पोराने मत दिलं ते खऱ्या पेटीला, जी लीलाधरने आयुष्यात कधी नीट ऐकलीच नव्हती. ह्या मुलाविरुद्ध महिनाभर जमवलेला सगळा राग हातात तसाच राहिला, आणि मुलगा त्यालाच खुर्ची देत होता. फुकट. वर, त्याची लाज झाकून. कोणी आपली लाज झाकली की ती दुप्पट अंगाला लागते. त्याला ओरडावंसं वाटलं, की तू असा चांगला वागू नकोस, तुला तसा अधिकार नाही.

“अभयशेठ, आते सरले समजावू नको,” धनसिंग वरून म्हणाला. “पाठीत सुरा मारीसन वरथून मलम. तुन्हा जातना गुणच शे तो.”

“धनसिंग,” लीलाधर म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “ते मत माझं होतं.”

“काय?”

“तिसरं मत. पहिल्या पेटीला. मी दिलं. ह्या पोराने आपल्या पेटीला दिलंच नाही.”

मग धनसिंगचा चेहरा हळूहळू वितळला, डोळे भरून आले, आणि त्याने लीलाधरच्या पायाला हात लावला. “देखा,” तो सगळ्यांना म्हणाला, “देखा, सरनं मन कितलं मोठं शे! पोरनी लाज झाकाले सोताना माथावर ली राहिनात.”

“अरे मूर्खा, खरं सांगतोय मी! मला माझी पेटी ओळखू आली नाही!”

“असं कधी होईल का सर?” चुडामण समजुतीने म्हणाला. “तुम्ही तुमची पेटी ओळखणार नाही? आणि अभयशेठ त्याची सोडून तुमच्या पेटीला देईल? म्हणजे दोघांनी उलटं दिलं? हे तुमच्या पुस्तकात तरी बसतं का?”

बसत नव्हतं. लीलाधर उठला. त्याला वाटलं त्याचे कान तापले आहेत, नळ्यांसारखे. तो पन्नालालशेठसमोर जाऊन उभा राहिला. “शेठ, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझा हात धरला होता. सांगा यांना.”

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. मग घडी घातलेला रुमाल कोटाच्या खिशात ठेवला.

“सर, रुमालाखालचं मी सांगत नाय,” ते म्हणाले. “बापाला नाय सांगितलं कधी.”

“बरोबर,” दादाजी म्हणाले.

“पण तुमच्या मुलावर आळ येतोय!”

“येऊ द्या. उतरंल. सौदा फुटला तर उतरत नाय.” आणि आवाज खाली आणून, “तुमचं मन मोठं आहे, सर,” असं तेही म्हणाले, आणि तेवढ्याने बाकीच्यांच्या मनातली शंका, असलीच तर, संपली. पडद्याआडून सूरजबाईंनी सरबत पाठवलं. अभयकुमार भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होता, आणि त्याची पाठ इतकी दुःखी होती की लीलाधरला तिच्यावर एक बुक्का मारावासा वाटला.

सरबत त्याने घेतलं नाही. खुर्चीही नाही. “रविवारी हा मुलगा वाजवेल,” एवढं बोलून त्याने गिटार खोळीत घातली. त्यावर पुन्हा एकदा हळहळ झाली, आणि तिच्यात कौतुक होतं. पेटीला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या होत्या. एक माणूस ती उचलूच शकत नसे. एक कडी त्याने धरली, दुसरी धावत येऊन धनसिंगने. जिना दगडी आणि उभा होता. धनसिंग वर राहिला, लीलाधर उलट्या पावलांनी खाली, आणि चुडामण मागून गिटार घेऊन. दर पायरीला धनसिंग बोलत होता. धुळ्याले बठ्ठासले, सगळ्या गावले सांगसू, म्हणत होता. कॉलेजमा सांगसू. असा मानूस व्हत नाही. स्वतःनी पेटी हारनी तरी पोरनं नाव खराब होऊ दिधं नाही. पोर कसा शे ते बठ्ठासनी देखं, नि सर कसा शेत तेबी देखं. लीलाधरला दिसू लागलं: स्टाफरूम, प्राचार्य चष्मा काढून हात मिळवताहेत, पुना गिरणीवाला पट्टा थांबवून, पांढऱ्या भुवया वर करून, ऐकतोय. सत्कारसुद्धा होईल. नारळ देतील. आणि कुठेतरी जळगावात एक मुलगा वर्षानुवर्षं आपल्याच मताचा चोर म्हणून वावरेल, कारण नारखेडे सरांचं मन मोठं.

“ते माझं मत होतं,” तो म्हणाला.

“हौ सर,” धनसिंग प्रेमाने म्हणाला. “तुम्हनंच व्हतं.”

लीलाधर बाजूला सरकून भिंतीला टेकला आणि त्याने हातातली कडी सोडून दिली. दुसरी कडी धनसिंगच्या हातून हिसकली गेली, आणि पेटी पायऱ्यांवरून एकटीच खाली गेली. प्रत्येक पायरीला आतल्या काचा वेगळ्या सुरात फुटत होत्या आणि शेवटी, खालच्या फरशीवर, एकही नाही.

निसटली, असं सगळे नंतर म्हणत राहिले.